त्रुटीभाऊंची ट्रान्सफर

फुकट मिळणाऱ्या बॅगेला नाही म्हणायचं नाही, असं त्रुटीभाऊंनी ठरवलं, आणि पुढचं सगळं तिथूनच बिनसलं.

बॅग निळी होती, चाकांची होती, आणि मॉलच्या दारात एका टाय लावलेल्या विक्रेत्याच्या शेजारी रुबाबात उभी होती. तिच्यासोबत एक क्रेडिट कार्ड घ्यावं लागत होतं. नव्या पॅन्टच्या आत एक जास्तीचं बटण शिवलेलं असतं. ते कधी लागत नाही, पण असतं. तसंच हे कार्ड असणार, असं भाऊंनी धरलं. मिळतील तिथे सह्या केल्या आणि बॅग ओढत घरी आले.

भाऊंचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नाही. (पगारपत्रकावर असावं.) ते हेडक्लार्क. प्रवासाची, औषधपाण्याची, बदलीची बिलं तपासणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या टेबलावरून एकही बिल पहिल्या फेरीत सुखरूप गेल्याची नोंद नाही. लाल पेनाने ते 'त्रुटी आहे, पूर्तता करावी' असं लिहीत आणि परत पाठवत. स्टोअरकीपरचं एक प्रवासाचं बिल त्यांनी तिकिटाचा कोपरा फाटलाय म्हणून परत केलं होतं. बिचाऱ्याने खिसे उलटेपालटे करून तो कोपरा शोधला आणि चिकटवून आणला. तेव्हा भाऊंनी शेरा मारला : 'सदर कोपरा सदर तिकिटाचाच असल्याबद्दल पुरावा जोडावा.'

हेच पेन खिशातून घरी येई. बायको महिन्याच्या खर्चाची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवायची आणि भाऊ चष्मा पुसून तिच्यावर बसायचे. चिठ्ठीवर, बायकोवर नव्हे; तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. एकदा साबणापुढे त्यांनी लाल अक्षरात विचारलं होतं, 'मागच्या साबणाचे काय केले?' (मागचा साबण भाऊंच्याच अंगाला लागून झिजला होता, पण तसा खुलासा चिठ्ठीत केलेला नव्हता.)

तर अशा माणसाने मसाजची खुर्ची घ्यावी, याला काय म्हणावं?

झालं असं की, बिलांवर वाकून वाकून भाऊंची पाठ धरली होती. बॅगेचं एक चाक लगेच निखळलं म्हणून ते तक्रार करायला पुन्हा मॉलमध्ये गेले. वाटेत एका दुकानातल्या बाई म्हणाल्या, "बसून तर बघा, बसायचे पैसे नाहीत." पैसे नाहीत म्हटल्यावर भाऊ बसले. खुर्चीने त्यांच्या पाठीतल्या अशा अशा जागा शोधून काढल्या की ज्यांची आजवर कुणी साधी विचारपूसही केली नव्हती. उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात कार्ड होतं.

खुर्ची घरी आली. बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं, "केवढ्याला?"

भाऊंच्या डोळ्यांपुढून साबण तरळून गेला. आणि ज्या तोंडातून कधी पुराव्याशिवाय शब्द निघाला नव्हता, त्या तोंडातून निघालं, "ऑफिसनं दिली."

"ऑफिसनं? तुम्हाला?"

"प्रामाणिक सेवेबद्दल."

बायको खुर्चीकडे बघत राहिली. मग पदराने तिने खुर्चीचा हात पुसला. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी फुलाफुलांचं कव्हर शिवलं. (खुर्चीसाठी.) त्यानंतर घरी कुणीही आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूससुद्धा, की ती कव्हर बाजूला करून सांगायची, "ऑफिसनं दिलीय ह्यांना. सगळ्यांना नाही देत."

आता बँकेचं बिल. त्यावर दोन आकडे असत. एक भलामोठा, 'एकूण देय.' दुसरा छोटासा, गोंडस, 'मिनिमम ड्यू.' भाऊंनी इतकी वर्षं सरकारी मराठी वाचण्यात घालवली असल्यामुळे त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला नाही. एकूण देय हे ऐऱ्यागैऱ्यांसाठी. सज्जन गिऱ्हाइकांना बँक मिनिममवर सोडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दर महिन्याला ते वेळेवर मिनिमम भरत आणि मनात म्हणत, खुर्ची किती स्वस्तात पडली!

मग एका महिन्यात त्यांची नजर चुकून भल्यामोठ्या आकड्याकडे गेली. इतके महिने भरूनही तो खुर्चीच्या किमतीपेक्षा मोठा झाला होता. भाऊंनी ताबडतोब लाल पेन काढलं, बिलावर 'त्रुटी आहे, पूर्तता करावी' असं लिहिलं आणि ते बँकेला परत पाठवलं. उत्तराची वाट पाहण्यात त्या महिन्याचा मिनिममही भरला नाही. उत्तर आलं. त्रुटी नव्हती. वर उशिराचा दंड होता, आणि दंडावर व्याज.

ऑफिसात हिशेबातलं कळणारी एकच व्यक्ती होती, कॅशियरबाई. भाऊ जाळीच्या खिडकीशी घुटमळले.

"बाई, एका मित्राची अडचण आहे."

"कुणाच्या मित्राची?"

"माझ्या."

"भाऊ," बाईंनी नोटा मोजणं थांबवलं, "तुम्हाला मित्र आहे?"

भाऊंनी तो अपमान गिळला आणि मित्राची हकिकत सांगितली. बाईंनी व्याजाचा दर विचारला.

"साडेतीन टक्के. त्यात काय एवढं? वर्षाला साडेतीन म्हणजे..."

"वर्षाला नाही हो. महिन्याला."

भाऊ खिडकीबाहेरच्या बाकावर बसले.

"मित्राला म्हणावं," बाई म्हणाल्या, "आधी ते कार्ड वापरणं थांबव. मिनिमम भरत बसलास तर नातवंडं फेडतील. घरात मुदत ठेव असेल तर मोड. तिचं व्याज ह्याच्या पासंगाला पुरत नाही. नाहीतर आपल्या पतपेढीचं कर्ज घे, तिचा दर कितीतरी कमी. महागातलं कर्ज स्वस्तातल्या कर्जानं मारायचं, एवढंच. नाहीतर घेतलेली वस्तू विकून टाक. आणि फिटलं ना, की त्याच दिवशी कार्डाचे कात्रीनं दोन तुकडे कर."

उपाय सगळे सोपे होते. अडचण एवढीच की मुदत ठेवीवर बायकोची सही लागत होती आणि खुर्चीवर बायकोचं कव्हर होतं. राहिली पतपेढी. पतपेढीला दोन जामीनदार लागत. भाऊ फॉर्म घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. लोक फॉर्म अगदी आपुलकीने हातात घेत, उजेडाकडे धरून बघत, आणि परत देत. एकाने म्हटलं, शाई फिकट आहे. दुसऱ्याने म्हटलं, समास अपुरा सोडलाय. स्टोअरकीपरने तर चष्माच लावला. कोपरे चारही तपासले.

"भाऊ, हा कोपरा जरा दुमडलाय."

"सरळ करतो की."

"करा. पण तो ह्याच फॉर्मचा आहे, असा काही पुरावा?"

तेव्हा कॅशियरबाईंनाच दया आली. त्यांनी शेवटचा उपाय सांगितला : बॅलन्स ट्रान्सफर. दुसरी एखादी बँक हे कर्ज आपल्या कार्डावर घेते, सहा महिने व्याज अगदी थोडं लावते, तेवढ्यात फेडून मोकळं व्हायचं. सहा महिन्यांत फिटलं नाही की व्याज पुन्हा पहिल्यासारखं. भाऊंना 'ट्रान्सफर' हा शब्द ऐकून धीर आला. निदान ओळखीचा शब्द होता.

घरी आल्यावर बायको मागे कपडे वाळत घालतेय, असं पाहून ते न्हाणीघरात शिरले, नळ सोडला आणि बँकेला फोन लावला. नळाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, असा त्यांचा समज. नळाच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"हो! ट्रान्सफरच पाहिजे! सहा महिने चालेल! नंतर काय ते बघू!... कुठंही करा हो, पण इथून काढा! इथं आता राहणं परवडत नाही!... नाही नाही, बायकोला अजून सांगितलेलं नाही! तिला कळता कामा नये!"

दार उघडून बाहेर आले तेव्हा बायको ओला टॉवेल हातात घेऊन समोर उभी होती. डोळे भरलेले.

"अहो, एकट्यानंच सोसत होतात?"

भाऊंनी फोन पाठीमागे लपवला. "तू... ऐकलंस?"

"सगळं ऐकलं. ट्रान्सफर ना?"

"हो."

"सहा महिन्यांची?"

इथे भाऊंच्या ध्यानात आलं. क्लार्कच्या बायकोच्या लेखी ट्रान्सफर म्हणजे एकच : बदली. आयुष्यभर ती ज्या शब्दाला भीत आली, तोच तो शब्द. 'अगं, बदली नव्हे, कर्ज' असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून खुर्ची आली असती, खुर्चीमागून प्रामाणिक सेवा, आणि सगळ्यात शेवटी साबण. भाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "हो."

एवढ्या लहान शब्दाने एवढं मोठं काम क्वचितच केलं असेल.

बायको रडून झाल्यावर कामाला लागली. तिच्या घराण्यात रडणं आणि आवरणं पाठोपाठ असतं. संध्याकाळपर्यंत खालच्या औषधवाल्याला कळलं होतं, आणि औषधवाल्याला कळल्यावर ज्यांना कुठलाही आजार नाही अशांनाही कळलं. माणसं भेटायला येऊ लागली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी भाऊंचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही गेल्यावर आम्हाला फार चुकल्यासारखं होईल." जिन्यात पाणी सांडण्यावरून ते दोघं गेली कित्येक वर्षं बोलत नव्हते.

इकडे दुसऱ्या बँकेचं उत्तर आलं : अर्ज नामंजूर. कारण, अर्जावरची सही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही. त्रुटी आहे. भाऊंनी ते पत्र दोनदा वाचलं. ते आपणच लिहिलंय की काय, असा त्यांना भास झाला.

म्हणजे ट्रान्सफर होणार नव्हती आणि घरात तिची तयारी चालली होती. आता सांगून टाकावं, असं मनाशी म्हणत भाऊ घरात शिरले, तर जुन्या फर्निचरचा व्यापारी जेवणाच्या टेबलाखाली शिरून पाय हलवून बघत होता. (टेबलाचे.)

"एवढं सगळं कुठं ओढत न्यायचं?" बायको म्हणाली. "विकून टाकू या. तिकडं लागेल तसं घेऊ."

व्यापाऱ्याने टेबलाखालून आकडा सांगितला. भाऊंच्या कानात तो आकडा शिरला, आणि डोक्यात एकूण देयच्या शेजारी जाऊन बसला.

"अगं, मग कपाटही काढू या," भाऊ म्हणाले. "दमट हवेत कपाटं फुगतात."

"तिकडं दमट हवा आहे?"

"असते. सगळीकडे असते."

कपाट गेलं. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, पलंग गेला, सायकल गेली. "फ्रिज?" बायकोने विचारलं. "तिकडं थंडीच असते," भाऊंनी सांगितलं. दमट आणि थंड अशा त्या गावाबद्दल बायकोला काळजी वाटू लागली. नोटा मात्र येत होत्या. "नीट ठेवा हो," ती म्हणाली. "ट्रान्सफरच्याच कामाला लावतोय," भाऊ म्हणाले. (बऱ्याच दिवसांत ते पहिल्यांदाच खरं बोलले.)

मसाजच्या खुर्चीला व्यापाऱ्याने हात लावला, तेव्हा बायको आडवी आली. "ती नाही. ती ह्यांना मानाची मिळालीय. ती आमच्याबरोबर येणार."

शेवटी घरात ती खुर्ची आणि निळी बॅग उरली. दोघं बॅग आडवी टाकून तिच्यावर ताटं ठेवून जेवू लागली. एका चाकाअभावी आमटी भाऊंच्या बाजूला कलंडायची. पण कार्ड फिटलं! शेवटचा हप्ता भरून भाऊ कॅशियरबाईंच्या खिडकीशी गेले.

"बाई, मित्र सुटला."

"कार्ड कापलं?"

भाऊ जरा चपापले. त्यांनी जन्मात कुठलाही कागद मुदतीपूर्वी नष्ट केला नव्हता. प्रकरण बंद झाल्यावरही अभिलेख काही वर्षं जपून ठेवायचा, हा नियम. "तूर्त दप्तरी ठेवलंय," ते म्हणाले.

"ठेवा," बाई म्हणाल्या. "मित्राला शुभेच्छा."

आता फक्त घरी सांगायचं होतं, की बदली रद्द झाली. जिना चढता चढता भाऊंनी वाक्यही जुळवलं : वरिष्ठांनी फेरविचार केला. दार ढकललं. समोर मसाजच्या खुर्चीत वरिष्ठ बसले होते.

"या भाऊ," साहेब म्हणाले.

"मीच बोलावलं," बायको चहाचा कप घेऊन आली. "म्हटलं, तुम्ही काही स्वतःसाठी मागणार नाही. साहेब, एवढं करा. तिकडं घर तरी जरा बऱ्या वस्तीत द्या."

"तिकडं म्हणजे कुठं, वहिनी?"

"बदलीच्या गावी."

"कुणाच्या बदलीच्या?"

"ह्यांच्या! हे स्वतः फोनवर गयावया करत होते ना, कुठंही करा पण ट्रान्सफर करा म्हणून?"

भाऊंना खोकल्याची उबळ आली. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. खात्याची एक शाखा पार टोकाला होती, शेवटच्या बसच्याही पुढे. तिथे जायला कुणी तयार नव्हतं. ज्याला पाठवावं तो डॉक्टरचा दाखला आणत असे. आणि आज एक माणूस फ्रिज विकून तयार बसला होता.

आनंदाच्या भरात साहेबांचा हात खुर्चीच्या बटणावर पडला. खुर्ची घरघरली.

"वा-वा-वहिनी," साहेब म्हणाले, "ही खु-खु-खुर्ची तर फा-फारच... केवढ्याला प-पडली?"

"इश्श, असं काय विचारता? तुम्हीच तर दिलीत!"

"मी?"

"ऑफिसनं. ह्यांच्या प्रामाणिक सेवेबद्दल."

साहेबांनी बटण बंद केलं. साहेबांनी नोकरीत फारशा फायली वाचल्या नव्हत्या. पण भाऊंचा चेहरा त्यांनी विषयापासून सहीपर्यंत नीट वाचून काढला.

"हां हां," ते सावकाश म्हणाले, "दिली खरी. आठवलं. तर मग भाऊ, टोकाच्या शाखेचं नक्की ना? की वहिनींसमोर जरा सविस्तर बोलू या?"

"नक्की," भाऊ म्हणाले. "सविस्तर नको."

आदेश दुसऱ्या दिवशी निघाला. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात एवढ्या झपाट्याने निघालेला हा पहिला कागद. भाऊंनी तो सवयीने तपासला. त्रुटी नव्हती.

"बाई, सामान हलवायला ॲडव्हान्स..." ते खिडकीशी म्हणाले.

"बंद झालाय. आधी स्वतः खर्च करायचा, मग बिल लावायचं."

"हा कुठला नियम?"

बाईंनी परिपत्रक जाळीतून सरकवलं. त्याचा मसुदा भाऊंचाच होता. भाषाही चांगली उतरली होती.

ट्रकवाला म्हणाला, रोख किंवा कार्ड. रोख होतं ते बँकेत गेलं होतं. भाऊंनी दप्तरी ठेवलेलं कार्ड काढलं. नेमकी बायको बाजूलाच होती.

"हे काय हो?"

"ऑफिसचं आहे," भाऊ म्हणाले. एवढं झाल्यावर आणखी एका थापेने काय बिघडणार होतं?

टोकाच्या शाखेच्या गावी टेबल घ्यावं लागलं, कपाट घ्यावं लागलं, पलंग घ्यावा लागला. हवा खरंच दमट होती, पण थंडी नव्हती. फ्रिजही घ्यावा लागला. सगळं ऑफिसच्या कार्डावर. बायको म्हणायची, "काहीही म्हणा, तुमच्या ऑफिसला माणसाची किंमत आहे." भाऊंनी ट्रकचं बिल लावलं आणि मंजुरीची वाट पाहत मिनिमम भरू लागले.

बिल परत आलं. भाऊंच्या जुन्या टेबलावर आता स्टोअरकीपर बसत होता. लाल शाईत लिहिलं होतं : 'त्रुटी आहे. सामानाच्या यादीत एक मसाज खुर्ची आहे. ती कार्यालयाने दिल्याचे आपल्या पत्नीने साहेबांसमक्ष सांगितले आहे. कार्यालयाची वस्तू परस्पर नेता येत नाही. खुर्ची स्वखर्चाने साहेबांच्या केबिनमध्ये जमा करावी. त्यानंतर बिलाचा विचार करण्यात येईल.'

तो शेरा बायकोनेही वाचला. ती सरळ मनाची. भाऊ कामावर गेलेले असताना तिने खुर्ची पुसली, बांधली आणि ट्रकमध्ये चढवली. ऑफिसची वस्तू ती ऑफिसची. आणि मग, धुवायला काढलेल्या शर्टाच्या खिशात कार्ड सापडलं, तेव्हा तेही एका पाकिटात घालून खुर्चीच्या हाताला नीट चिकटवून दिलं.

काही दिवसांनी पाकीट परत आलं. ते बायकोनेच फोडलं. आत कार्ड होतं, आणि साहेबांच्या सहीचं पत्र : 'खुर्ची पोचली. उत्तम चालते. कार्ड कार्यालयाचे नाही. ते भाऊंचे खाजगी असून खुर्चीही त्यावरच घेतल्याचे कॅशियरबाईंकडून समजते. सबब कार्ड परत. खुर्ची मात्र नोंदवहीत चढवली असल्याने आता परत करता येत नाही.'

भाऊ घरी आले, तेव्हा बायको पत्र घेऊन बसली होती. ना रडली, ना ओरडली. तिने फक्त हात पुढे केला. भाऊंनी कार्ड मागतेय असं समजून कात्री आणून दिली. तिने कार्डाचे दोन तुकडे केले, कात्री बाजूला ठेवली आणि हात पुन्हा पुढे केला.

"आता काय?"

"पेन," ती म्हणाली. "लाल."

मुदत ठेव मोडून तिने कार्ड फेडलं. आता महिन्याच्या शेवटी चिठ्ठी भाऊ लिहितात आणि चष्मा बायको पुसते. परवा त्यांनी दाढीच्या ब्लेडसाठी अर्ज ठेवला होता. तो परत आला. खाली लाल शाईत एकच ओळ होती :

'मागच्या साबणाचे काय केले, ते आधी सांगावे.'